तीन डबे वाळू

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भट्टी चार दिवस बंद,
अस्तर बदलायचं म्हणून.
तेवढेच चार दिवस आमचे.
तंबू मीच शिवला, लग्नमंडपाच्या जुन्या कापडाचा.
आत आडवं होऊन वर बघितलं तर
कुणाच्या तरी हळदीचा डाग दिसतो.

खरं तो लावायचा कुठं?

हुबळीहून जाऊबाईंचा फोन, बरी आहेस का नाही, काही नाही,
नीर ऐतेन?
पाणी आहे हो, गोडं आहे, रहाटाची विहीर.
रुतिकाला लाटा पाहिजेत गुडघ्याच्या वर,
मला गुडघ्याच्या खाली.
प्रणितला नुसते खेकडे.
आणि मोबाईलवर सगळे किनारे सारखेच निळे,
सगळ्यांना साडेचार तारे.

म्हणून दोन रविवार आम्ही दोघं मोटारसायकलवर.
एकदा चोर्ल्यातनं केरी, फेरीबोटीनं पलीकडं रेडी,
एकदा अणशीची वळणं उतरून माजाळी.
येताना ना मासे आणले ना काजू,
कुंद्याचे तीन रिकामे डबे, वाळूनं भरून.
मामांनीच बजावलं होतं,
"जागा कशी आहे ते मला सांगू नका. वाळू आणा."

माजगावच्या आमच्या कट्ट्यावर
मामा बसले, लुंगी खोचून.
एकतीस वर्षं उद्यमबागेत साचे भरले त्यांनी.
ट्रकनं आलेली वाळू चाळली, कालवली, ठोकली,
आणि समुद्र एकदाही बघितला नाही,
गिरणीवाल्यानं कधी शेत बघू नये तसं.

प्रणितनं डब्यांना चिठ्ठ्या चिकटवलेल्या,
गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक.
मामांनी तिन्ही नखानं सोलून काढल्या.
"मी वाळूला विचारतो. बोर्डाला नाही."

पहिल्या डब्यात चुंबक फिरवलं,
त्याला काळ्या मिशा फुटल्या.
"हिच्यात लोखंड आहे," मामा हसले,
"ही आपल्यातलीच. खरं दुपारी तापंल,
पोरांचे पाय भाजतील."

दुसरीवर चार थेंब शिंपडले, मुठीत आवळली.
मूठ उघडली तशी सांडली सगळी.
"शिंपल्याचा चुरा फार.
वारा आला की खुंट्या देऊन मोकळी."

तिसरी आवळली
आणि बराच वेळ मूठ उघडलीच नाही.
उघडली तेव्हा ढेकळावर चारी बोटं उमटलेली,
तळव्यावरची भाजल्याची जुनी खूणसुद्धा.
मधोमध मोडून कड बघितली. सरळ.
"इथं लावा."

इथं म्हणजे कुठं?
चिठ्ठ्या वाऱ्यानं केव्हाच गटारीकडं गेलेल्या.
हे म्हणाले माजाळी. रुतिका म्हणाली केरी.
बापलेकीची आइस्क्रीमवर पैज लागली.

मी डब्यात बोट फिरवत होते.
तळाशी सुरूची एक काडी लागली,
तपकिरी, सांध्यासांध्यांची.
केरीला त्या म्हातारीच्या विहिरीमागं
हे भाड्याचं बोलत होते, तेव्हा
मी चप्पल काढून उभी होते झाडांखाली,
दहाची सावली बाराला कुठं सरकंल ते मोजत,
आणि डबा तिथनंच भरलेला.
काडी उचलून दाखवली. काही बोलले नाही.
पैजेचे पैसे ह्यांनाच द्यावे लागले.

मग यादी. कंदील, विळी, मीठ, दोर, रॉकेल,
मच्छरदाणी, ती मेली सापडंना.
माणसांच्या यादीत मामा नव्हते,
त्यांनीच नाव खोडलेलं.
"ते पाणी बघून मला काय करायचंय?
मी घर बघतो, तुम्ही जावा."

रात्री भांडी घासत होते,
तर मागं येऊन उभे राहिले.
"रात्रीचा आवाज करतो म्हणे तो."
"करतो की."
"किती? ब्लोअरएवढा?"
"जास्त. आणि तिन्ही पाळ्या चालू. बंदच होत नाही."

काम सुटल्यापासनं त्यांना धड झोप नाही.
रात्री दोनला पंखा पाचावर करतात, थंडीतसुद्धा,
आम्ही ऐकतो, बोलत नाही.

नळ मीच बंद केला.
"मग एक चटई जास्तीची घे," म्हणाले,
"दाराकडची. पाण्याच्या बाजूची."